नदीतली शपथ

मिसबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि लिपस्टिकच्या टोकानं माझ्या कपाळावर गोल टिकली काढली.

“हलू नकोस,” त्या मराठीत म्हणाल्या.

लिपस्टिक त्यांची नव्हती. त्या कधी पावडरसुद्धा लावत नसत. सकाळी उठून शेजारच्या बाईंकडून ती मागून आणली होती. मी म्हटलं, मिसबाई, आपल्या ख्रिस्ती माणसांत कुंकू लावत नाहीत, तुम्हीच तर शिकवलंत. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, पण आजच्या दिवस चालेल. तू हिंदुस्थानची आहेस हे लोकांना लांबूनच कळायला हवं. मग जरा मागे सरकून त्यांनी मला न्याहाळलं, माझा पदर पुढे ओढून नीट केला आणि समाधानानं मान हलवली.

“आता कुणाची चूक व्हायची नाही.”

मला हसू आलं. लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी याच बाईंनी ठकू नावाच्या मुलीच्या कपाळावरचं कुंकू ओल्या रुमालानं पुसलं होतं. कुंकवाखाली गोंदण होतं. ते निघेना, तशा त्या घासत राहिल्या, ठकूची कातडी लाल होईपर्यंत. शेवटी कुणीतरी सांगितलं की हे गोंदण आहे, ते मेल्यावरच जातं. तेव्हा त्यांनी ठकूला पोटाशी धरलं आणि स्वतःच रडायला लागल्या. अशा होत्या मिसबाई. त्या सकाळी मला हसू आलं ते या आठवणीनं. टिकली कशासाठी होती ते कळायला अजून थोडा अवकाश होता.

ही १९६३ सालची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचं राज्य आहे, तिथल्या एका लहान गावात घडलेली. गावाचं नाव सांगत नाही. मी दयावती हिवाळे, नेवासे तालुक्यातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. मिशननं मला वर्षभराच्या शिक्षणासाठी ओहायोला पाठवलं होतं. ते संपलं, परत निघायचं ठरलं, तेव्हा मिसबाईंचा निरोप आला की जाण्याआधी माझ्या घरी ये, रविवारी आमच्या चर्चमध्ये चार शब्द बोल, मग सुखानं बोटीत बस. निरोपात आणखी एक सूचना होती. बसच्या प्रवासात सबंध वेळ साडीच नेस, फ्रॉक घालू नकोस.

त्यांचं खरं नाव मिस ॲग्नेस विदर्स. आमच्याकडे त्यांना सगळे मिसबाई म्हणत. ऐन तारुण्यात त्या नगर जिल्ह्यात आल्या आणि केस पांढरे होईपर्यंत राहिल्या. माझी आई गेली तेव्हा मी वसतिगृहात होते. त्या दिवसांत मी मिसबाईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेला खाट लावून झोपत असे. देवीची साथ आली तेव्हा महारवाड्यात आणि मांगवाड्यात जाऊन त्यांनी पोरांचे फोड आपल्या हातानं धुतले. आमच्या घरातल्या माठातलं पाणी त्या आमच्याच तांब्यानं पीत. गावातली मंडळी लांब उभी राहून बघत, गोरी मडम महाराच्या घरचं पाणी पिते म्हणून. माझे वडील, आप्पा, म्हणत की मला शुभवर्तमान वाचून कळलं नाही, मिसबाईंना पाणी पिताना पाहून कळलं.

म्हणून त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा मी माहेरी आल्यासारखी वागत होते. घर मोठं होतं, पांढऱ्या खांबांचं. घरात मिसबाई एकट्या, आणि स्वयंपाकाला डेलिया नावाची एक काळी बाई. दोघी एकाच वयाच्या. डेलियाच्या आईनं मिसबाईंना अंगावर पाजलं होतं, हे मिसबाईंनीच मला पहिल्या दिवशी मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांच्या आईला दूध नव्हतं. डेलियाला मग काय मिळालं असेल हे विचारायचं तेव्हा मला सुचलं नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर एका फळीवर एक चिनी मातीची ताटली, एक पत्र्याचा पेला आणि एक काटा ठेवलेला असे. ती डेलियाची भांडी. ती मी पाहिली आणि क्षणभर मला वाटलं, मी कुठे आहे? माझ्या आईचा असाच एक कान तुटलेला कप पाटलांच्या गोठ्याच्या वळचणीला असायचा. तिनं तो काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा पडायचा, पिऊन झाला की धुऊन पुन्हा वळचणीला. मी स्वतःला समजावलं की इथं काही वेगळं कारण असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी भांडी पुसायला लागले आणि डेलियाची ताटलीही पुसून बाकीच्या ताटल्यांत लावली. डेलियाचा हात पाण्यातच थांबला. मिसबाई आत आल्या. त्या मला नेवाशाच्या सीताफळांबद्दल काहीतरी विचारत होत्या. बोलता बोलता त्यांनी ती ताटली दोन बोटांनी उचलली, बाहेरच्या फळीवर ठेवली, साबण घेऊन हात धुतले आणि म्हणाल्या, “तसं सीताफळ जगात कुठं नाही बघ.” कुणावर रागावल्या नाहीत. त्यांनी ताटली बाहेर ठेवली यापेक्षा, तसं करताना त्यांचं सीताफळांचं बोलणं एकदाही अडलं नाही, हे मला जास्त लागलं.

शनिवारी चर्चचे पाळक मला चर्च दाखवायला घेऊन गेले. रेव्हरंड कॉलियर हा तरुण, गोड बोलणारा माणूस. त्यांनी मला वरचा सज्जा दाखवला. तिथं जुन्या खुर्च्या आणि नाताळच्या नाटकाचं सामान पडलं होतं. गुलामगिरीच्या काळात मळ्यावरची काळी माणसं रविवारी इथं बसत, त्यांनी अभिमानानं सांगितलं. आमच्या पूर्वजांनी त्यांना कधी अज्ञानात ठेवलं नाही, आपल्याबरोबर देवाच्या घरात आणलं. मी विचारलं की आता ती माणसं कुठं बसतात? आता त्यांची स्वतःची चर्चं आहेत, ते म्हणाले, त्यांना तिथंच बरं वाटतं. मग त्यांनी मला विचारलं की उद्या तुम्ही तुमच्या आजोबांची आणि देवळाची ती गोष्ट सांगाल ना? मिस विदर्सकडून ती ऐकून माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात डेलियापाशी बसले होते. उद्या तुम्ही काय बोलणार, असं तिनं सहज विचारलं. मी म्हटलं, माझ्या आजोबांना देवळाच्या पायरीवर अडवलं होतं, त्याची गोष्ट. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

“असं काही मला बसून ऐकायला आवडेल,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मग या ना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फडकं पुन्हा उचललं. टेबल पुसून ती घरी गेली.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. ऑगस्टचा उकाडा होता, म्हणून समोरचे दोन्ही मोठे दरवाजे सताड उघडे ठेवले होते. बायका कागदी पंख्यांनी वारा घेत होत्या. मी व्यासपीठावर चढले तशी सगळीकडून कौतुकाची कुजबुज झाली. निळी साडी, काळी वेणी, कपाळावर लाल टिकली. मिसबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, लेकीचं लग्न असावं अशा चेहऱ्यानं.

मी सांगायला सुरुवात केली. माझे आजोबा सखाराम हे गावचे येसकर. वेशीची राखण, सरकारी टपाल पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, आणि त्याच्या बदल्यात दारोदार मिळेल ती भाकरी. छप्पनच्या, म्हणजे इसवी सन १९०० च्या सुमाराच्या, दुष्काळात त्यांची थोरली मुलगी तापानं फणफणली. कुणीतरी सांगितलं, भैरोबाला नारळ वाहा. आजोबांनी कुठून तरी नारळ मिळवला आणि ते देवळाच्या पायऱ्यांशी जाऊन उभे राहिले. गुरव वरून ओरडला की तिथंच थांब. नारळ खालच्या पायरीवर ठेव आणि लांब हो. मग त्यानं आतून पाण्याचा तांब्या मागवला.

इथपर्यंत मी आले होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं रुमाल डोळ्यांना लावला होता. आणि तेवढ्यात समोरच्या उघड्या दारातून मला डेलिया दिसली. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, हातात बायबल. ती चर्चच्या पायऱ्या सावकाश चढत होती.

दारात दोन माणसं उभी होती, आलेल्यांना जागा दाखवणारी. त्यातले एक मिस्टर बोवेन, गावातल्या औषधांच्या दुकानाचे मालक. मी आल्याच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी आइसक्रीम पाठवलं होतं. दोघं एक पायरी खाली उतरले आणि खांद्याला खांदा लावून उभे राहिले. डेलिया काहीतरी म्हणाली. मिस्टर बोवेननी मान हलवली. ती तिथंच उभी राहिली.

मंडळीची पाठ दाराकडे होती. हे फक्त मला दिसत होतं, आणि माझ्या मागे बसलेल्या रेव्हरंड कॉलियरना. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. ते आपल्या बुटांकडे बघू लागले.

“दारात एक बाई आल्या आहेत,” मी म्हटलं. “त्यांना आत येऊ द्या.”

सगळ्या माना वळल्या. सगळ्यांनी डेलियाला पाहिलं. गावात तिला कोण ओळखत नव्हतं? आणि मग त्या सगळ्या माना पुन्हा माझ्याकडे वळल्या. त्या चेहऱ्यांवर राग नव्हता की शरम नव्हती. माझी वाट बघत असल्यासारखे ते शांत आणि प्रेमळ होते. व्याख्यानात कुणाला खोकला यावा, तो थांबेपर्यंत लोक जसे सौजन्यानं थांबतात, तसे ते थांबले होते. गुरवानं पुढे काय केलं ते त्यांना ऐकायचं होतं. त्या म्हातारीचे डोळे अजून ओले होते. माझ्या आजोबांसाठी ती रडत होती, आणि तिच्या पाठीमागे वीस पावलांवर दार अडवलं होतं, आणि ते तिनं आत्ता पाहिलं होतं.

मिसबाईंनी पहिल्या रांगेतून मला खूण केली. शाळेत पाठ म्हणताना मी अडखळले की त्या अशीच बोटानं खूण करत. पुढे बोल.

“त्या आत आल्या की पुढचं सांगेन,” मी म्हटलं.

पंखे थांबले. मग रेव्हरंड कॉलियर उठले, माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवून म्हणाले की आपल्या पाहुण्या फार दुरून आल्या आहेत, उकाड्यानं थकल्या आहेत, आपण एक गीत गाऊ या. ऑर्गन वाजायला लागला. थकल्याभागल्या सर्वांनी माझ्याकडे यावं असं प्रभू म्हणतो, त्या अर्थाचं गीत होतं. आमच्याकडेही ते मराठीत गातात. सगळे उभे राहून मनापासून गायला लागले. खरोखर सुंदर गात होते.

मी व्यासपीठावरून उतरले आणि मधल्या वाटेनं दाराकडे चालायला लागले. कुणी मला अडवलं नाही. दाराशी मिस्टर बोवेन बाजूला झाले, मला हात देऊन म्हणाले, “सांभाळून उतरा मॅडम, पायरी उंच आहे.” त्यांनी हात पुढे केला तेव्हा त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथं ती निश्चिंत झाली. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या डेलियापेक्षा माझा रंग एक छटाही उजळ नव्हता. त्या नजरेनं मला जी शिसारी आली ती मी आजवर विसरलेले नाही. मी त्यांचा हात घेतला नाही.

डेलिया आणि मी रस्त्यानं चालायला लागलो. मी म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला हे सोसावं लागलं. ती म्हणाली, तुमच्या बोलावण्यानं मी आलेली नाही. अटलांटात आमची पोरं गोऱ्यांच्या चर्चच्या दारात जाऊन उभी राहताहेत, त्यांना तुरुंगात टाकताहेत. मी इतकी वर्षं यांचा स्वयंपाक केला आणि यांची बाळंतपणं केली, मला वाटलं, मीही एकदा जाऊन उभी राहते. दार कसं बंद करतात ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून पाहायचं होतं.

थोडं चालल्यावर तिनं विचारलं, “पाणी आणलं, मग काय केलं त्यानं?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ती गोष्टीचं विचारत होती.

मी सांगितलं, त्यानं नारळावर पाणी शिंपडलं, मग तो उचलून आत नेला, फोडला आणि त्यातली एक वाटी वरून फेकली. आजोबांनी ती धोतरात झेलली.

“आणि मुलगी?”

“गेली.”

तिनं बायबल या हातातून त्या हातात घेतलं. मग मी तिचं आडनाव विचारलं, कारण त्या घरात ते कुणी घेतच नसे.

“विदर्स,” ती म्हणाली. “दुसरं कुठलं असणार?”

मग तिनं मला या विदर्सांच्या घरी गुलाम असलेल्या तिच्या पणजीची हकीकत सांगितली. पणजीचं नाव फिबी. मिसबाईंचे पणजोबा, रेव्हरंड जोसाया विदर्स, हे त्या चर्चचे पहिले पाळक आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या मळ्याचे मालक. त्यांनी आपल्या गुलामांना बाप्तिस्मा द्यायचं ठरवलं. पण बाप्तिस्मा झाला की ख्रिस्ताची लेकरं झाली, मग एका लेकरानं दुसऱ्याला कसं विकत घ्यायचं, असा प्रश्न कुणाच्या मनात येऊ नये म्हणून त्यांनी एक शपथ लिहिली. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ती आधी घ्यायची, मग बाप्तिस्मा. डेलियाला ती पाठ होती. तिच्या आईनं सगळ्या भावंडांकडून ती पाठ करून घेतली होती, ही माणसं काय आहेत ते विसरू नये म्हणून. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं ती म्हणून दाखवली.

“देवाला साक्षी ठेवून मी सांगते की मी हा बाप्तिस्मा माझ्या आत्म्यासाठी मागते, मालकाच्या चाकरीतून सुटण्यासाठी नाही. मी त्याची आहे आणि जिवंत असेपर्यंत त्याचं ऐकेन.”

फिबीनं ती शपथ घेतली. पुढच्याच वर्षी तिचा धाकटा मुलगा विकला गेला. चर्चला घंटा हवी होती. तीच घंटा अजून आहे, डेलिया म्हणाली, दर रविवारी वाजते.

मी विचारलं, “त्यांना खरंच सुटका नको होती?”

“पाण्यात उभी राहून खोटं बोलली ती. माझी आई म्हणायची, देवानं त्या खोट्यालाच बाप्तिस्मा दिला.”

डेलिया आपल्या घरी गेली. मी मिसबाईंच्या घरी परत आले. दुपारी त्या आल्या तेव्हा हातात पीच घालून भाजलेलं, ‘पाय’ म्हणतात ते गोड पक्वान्न होतं, कुणा बाईनं माझ्यासाठी दिलेलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, टोपी काढली आणि माझ्यासमोर बसल्या. त्या रागावल्या नव्हत्या. लोकांनी समजून घेतलंय, म्हणाल्या. तू परकी आहेस, तुला इथलं ठाऊक नाही. डेलियालाही मी काही बोलणार नाही. ती उद्या नेहमीसारखी कामाला येईल, मी तिला क्षमा केली आहे.

“मिसबाई, तुम्ही आमच्या माठातलं पाणी प्यायलात,” मी म्हटलं.

“तिथं तुम्ही माझी लेकरं होतात.”

“मग डेलिया?”

“ती आमच्या घरातलीच आहे. तिच्यावर आमची माया आहे. पण त्यांचं आणि आमचं देवानंच तसं नेमलंय, दया. त्यांना आम्ही ख्रिस्त दिला. नाहीतर ती माणसं आफ्रिकेच्या अंधारात मेली असती. त्यांना गुलाम करून आणणारी ती जहाजं दुष्ट होती, मी नाही म्हणत नाही. पण त्या जहाजांतून ती तारणापर्यंत आली. देव वाईटातून चांगलं काढतो.”

हे सगळं त्या मराठीत बोलत होत्या. ज्या मराठीत त्यांनी मला प्रार्थना शिकवली, त्याच मराठीत. मी ओहायोत असताना हेच इंग्रजीत ऐकलं असतं तर कदाचित कमी लागलं असतं.

मी त्यांना शपथेचं विचारलं. मला वाटलं, त्या नाकबूल करतील. निदान खाली बघतील.

“हो, आमच्या पणजोबांनीच लिहिली,” त्या म्हणाल्या. “फार हळव्या मनाचा माणूस. सुटकेच्या लोभानं कुणी खोटा बाप्तिस्मा घेतला तर त्याचा आत्मा जाईल, ही त्यांना काळजी. तू त्यात वाईट काय बघतेस? तुझ्या आजोबांनाही आमच्या मिशनच्या साहेबांनी प्रवरेच्या पाण्यात उभं करून हेच विचारलं होतं. दुष्काळात मिशन वाटतं त्या जोंधळ्यासाठी येतोस का? ते नाही म्हणाले. म्हणून तर तुमचं घर खरं.”

त्यांनी त्या पक्वान्नाचा एक तुकडा कापून माझ्यासमोर ठेवला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. मी उठले, न्हाणीघरात गेले आणि सकाळपासूनचं सगळं पडलं. बाहेरून मिसबाई काळजीनं विचारत होत्या, बरी आहेस ना, मीठ-साखरेचं पाणी करून देऊ का? त्यांचा आवाज अगदी तसाच होता, आई गेली त्या दिवसांतल्यासारखा. त्यांची माया खोटी असती तर मी सुटले असते. ती खरी होती. ठकूचं कपाळ घासणारा, पोरांचे फोड धुणारा आणि ती ताटली दोन बोटांनी बाहेर ठेवणारा, हा एकच हात होता, आणि त्या हाताला त्यात काहीच विसंगत वाटत नव्हतं.

संध्याकाळच्या आत मी सामान घेऊन डेलियाच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. तिनं माझं सामान हातातून घेऊन आत ठेवलं. चुलीवर वाल आणि मक्याची भाकरी होती. आम्ही एका टेबलाशी बसून जेवलो. सकाळी तिच्या भाच्यानं मला बसवर सोडलं. त्या वेळी डेलिया अंगणात कपडे वाळत घालत होती. ही वेळ तिच्या कामाला निघायची होती, पण ती निघाली नव्हती. पुढे नाताळात मिसबाईंचं कार्ड आलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की डेलिया पुन्हा कामावर आलीच नाही, आणि आम्ही तिला काय कमी केलं होतं ते देवालाच ठाऊक. मी उत्तर पाठवलं नाही. आमच्या मिशनमध्ये माझ्याबद्दल काय लिहून गेलं कोण जाणे, पण शाळेची मुख्याध्यापिका व्हायचं जे माझं ठरलं होतं ते राहून गेलं.

गावी परतले तेव्हा सगळ्यांना अमेरिकेच्या उंच इमारतींबद्दल आणि बर्फाबद्दल ऐकायचं होतं. मी तेच सांगितलं. मग एका दुपारी आप्पा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, त्यांच्याजवळ जाऊन बसले. आजोबांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगा म्हटलं. आप्पांना ती सांगायला फार आवडे. हिवाळ्यांच्या घरातल्या प्रत्येक पोराला ती ठाऊक होती. प्रवरेच्या पाण्यात साहेब म्हणाले, सखाराम, जोंधळ्यासाठी येत असशील तर इथूनच परत जा. बाबा म्हणाले, नाही साहेब, तारणासाठी येतो. आप्पांनी ते दोन्ही आवाज काढून सांगितलं, नेहमीसारखं.

“खरं होतं का ते, आप्पा?”

“काय?”

“नाही म्हणाले ते.”

आप्पांनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली. ते माझ्याकडे बघत नव्हते. मग म्हणाले, “मी आठ वर्षांचा होतो. आम्ही पाला उकडून खायचो. थोरली गेली त्यानंतर आई बोलायचीच बंद झाली. बाबा घरातून निघाले तेव्हा मला म्हणाले, संध्याकाळी जोंधळा आणतो.”

“मग नाही का म्हणाले?”

“हो म्हणाले असते तर साहेबांनी परत पाठवलं असतं.”

एवढं बोलून ते पुन्हा शेंगा फोडायला लागले. मी उठले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“दया, साहेब न्याहारी करून आले होते.”